कमीत कमी माणसं

आमच्या समितीत नऊ जण होतो आणि नऊही जणांच्या घरी नळाला पाणी येत होतं. शहराला पाणी कुठून द्यायचं आणि कोणत्या विजेवर द्यायचं, हे ठरवायला नेहमी अशीच माणसं बसतात. मीही त्यातलीच होते, म्हणून हे म्हणायचा मला हक्क आहे.

शिरबंदर हे एकोणीस लाख वस्तीचं बंदराचं शहर. २०४३ साली पावसाने लागोपाठ तिसऱ्यांदा दगा दिला आणि पुढच्या मार्चमध्येच धरणात अकरा टक्के पाणी उरलं. टँकरवर पोलीस बसवावे लागले, दोन वॉर्डांत कॉलरा झाला. समोर अथांग समुद्र आणि लोक बादल्या घेऊन रांगेत! समुद्राचंच पाणी गोडं करायचं, यावर कोणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं ते विजेचं. मी हेमांगी तांडेल, ऊर्जा अभियंता. वेगवेगळ्या पर्यायांचं मूल्यमापन करून त्यातला एक सुचवायचं काम माझ्याकडे होतं.

समुद्राच्या पाण्यातलं मीठ साध्या गाळणीने निघत नाही. अतिशय सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यावर ते पाणी प्रचंड दाबाने ढकलावं लागतं; मग पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. बहुतेक वीज जाते ती हा दाब निर्माण करण्यात. नेहमीच्या पडद्यांना हजार लिटर पाण्यामागे साडेतीन युनिटं लागत. शहराची गरज रोज पंचवीस कोटी लिटरची, म्हणजे अखंड छत्तीस मेगावॉट. कोळशाचं केंद्र जुनं, आणि त्यालाच थंड ठेवायला पाणी लागायचं. तरंगती अणुभट्टी यायला नऊ वर्षं. आमच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्याचा भरवसा धरता येत नव्हता. सूर्य होता, पण तो संध्याकाळी जातो, आणि छत्तीस मेगावॉट रात्रभर पुरवतील एवढ्या बॅटऱ्या आम्हाला कोणी द्यायला तयार नव्हतं.

त्याच सुमाराला जिवंत पडदा बाजारात आला. आपल्या शरीरातल्या पेशींच्या भिंतींना प्रथिनांची इवली दारं असतात. त्यांतून फक्त पाण्याचा रेणू जातो, मिठाला मज्जाव. ही दारं तयार करणारे जिवाणूच पडद्यावर वाढवायचे, म्हणजे तो स्वतःची डागडुजी स्वतः करतो आणि दाबही कमी लागतो. साडेतीनच्या जागी दोन युनिटांहून कमी. छत्तीसचे वीस मेगावॉट झाले. धरणाच्या कोरड्या पडलेल्या भागातच सौर पत्रे अंथरले आणि जोडीला बॅटऱ्या दिल्या, तर हिशेब जमत होता.

एकच मेख होती. हा पडदा जिवंत होता, म्हणून मरूही शकत होता. त्याच्यावरून वाहणारं पाणी थांबलं की चाळीस मिनिटांत जिवाणू गुदमरत. उत्पादन बंद ठेवलं तरी नुसतं पाणी फिरतं ठेवायला पाच मेगावॉट हवेत म्हणजे हवेत. एकदा पडदा मेला की नवा वाढवायला चार महिने. घरातलं विरजण नासलं तर शेजारून आणता येतं. आमचा शेजार आठशे किलोमीटरवर होता आणि त्यांच्याकडे त्यांच्यापुरतंच होतं.

तेव्हा अहवालात आणीबाणीचा नियम घालावा लागला. ऊन पडलं नाही, बॅटऱ्या संपल्या आणि राज्याकडून शहराला येणारी वीजही आखडली, तर काय? तर एका वस्तीची वीज तोडून ती कारखान्याला द्यायची. ज्या मोठ्या तारेवरून एका भागाला वीज जाते तिला आम्ही फीडर म्हणतो. नियम मी लिहिला: पाच मेगावॉट देऊ शकणाऱ्या फीडरांपैकी ज्याच्यावर कमीत कमी माणसं असतील, तो आधी तोडावा. श्रीमंत-गरीब, जुनी वस्ती-नवी वस्ती असा काही भेद नाही. खाली आणखी एक वाक्य लिहिलं: ‘ऐन संकटात हा नियम बदलू नये.’ हे वाक्य मला फार आवडलं होतं.

संगणकाने यादी काढली. सगळ्यांत वर फीडर पाच. माणसं सहा हजार एकशे चाळीस, वीज पाच मेगावॉट.

समितीचे अध्यक्ष दिनकर केळुसकर खूश झाले. “माणसं कमी आणि वीज भरपूर. असा फीडर शोधूनही सापडला नसता, तांडेल मॅडम.”

“एवढ्या कमी माणसांना एवढी वीज कशाला लागते?” कोणीतरी विचारलं.

“बर्फाचे कारखाने असतील,” केळुसकर म्हणाले. “कोळीवाडा आहे तो.”

तो आमचा कोळीवाडा होता.

त्या रविवारी मी दादाकडे जेवायला गेले. मोरेश्वर तांडेल, माझा थोरला भाऊ. आमचे बाबा वादळात गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तो एकोणीस. शाळेत मला तो सोडायला यायचा, तो बोटीवरून तसाच, अंगाला मासळीचा वास घेऊन. बाई नाक मुरडायच्या, त्याला त्याचं काही नसायचं. मी इंजिनिअर झाले ती त्याच्या जिवावर.

दादाच्या ओटीवर एक मीटर आहे. ते पोसा तांडेल यांच्या नावावर. पोसा तांडेल आमचे आजोबा, माझ्या जन्माआधीच गेलेले. त्या मीटरवर चार घरं चालतात, सतरा माणसं. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, पण मीटर कोणी वेगळं केलं नाही. नवं मीटर घ्यायचं तर वाटणीचे कागद लागतात आणि कागदावर सगळ्या चुलत भावांच्या सह्या, आणि त्यातला एक जण वीस वर्षं आमच्याशी बोलत नाही. कोळीवाड्यात घरोघरी हीच गत. जनगणना चौदा वर्षांची जुनी, म्हणून समितीने माणसं मोजली ती मीटरवरून: एका मीटरला चार पूर्णांक दोन माणसं. बर्फाचे कारखाने फक्त दोन होते. बाकीची सगळी वीज पंख्यांची होती, हे मला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्या समितीत कोणालाही नव्हतं.

जेवताना मी ही मोजणी आणि यादीतला आपला पहिला नंबर सहज बोलून गेले. हिरा वहिनी वाढता वाढता थांबली.

“आपल्या मीटरवर सतरा मानसं हायत गो बाय. आनि तुमी चार लिवली?”

“सगळ्या शहरात तसंच धरलंय, वहिनी.”

“शहरात ज्याचा ब्लाक त्याचा मीटर. इकडं तसा हाय का? तू सांग ना तुज्या सायबांना. का आमी मानसं नाय?”

“तिला तिचा काम करू दे,” दादा म्हणाला. “उद्या बोलतील, तांडेलांच्या पोरीनं आपल्याच पाड्याचा बघितला.”

नेमकी हीच भीती मला होती. कोळीवाड्यातून अशा समितीत पोचलेली मी पहिली. वीस वर्षं मी डोळ्यांत तेल घालून जपलं होतं की माझ्यावर कोणी हे बोट ठेवू नये. घरोघरी जाऊन मोजायला वेळ लागला असता, धरण आटत होतं, फीडर तोडायची पाळी बहुधा येणारच नव्हती, ही सगळी कारणं मी स्वतःला दिली. ती खरी होती. तरी खरं कारण ते नव्हतं. मला निःपक्षपाती म्हणवून घ्यायचं होतं, बस्स. सोमवारी मी अहवालावर सही केली.

कारखाना वीस महिन्यांत उभा राहिला. लोकांनी मला डोक्यावर घेतलं, माझे सत्कार झाले. पहिल्या दिवशी कोळीवाड्यातल्या नळाला धो धो पाणी आलं तेव्हा दादाने फोन करून मला नुसता त्याचा आवाज ऐकवला. पुढे माझी नेमणूकही कारखान्यातच झाली, विजेची प्रमुख म्हणून. दोन उन्हाळे बिनघोर गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, आभाळ भरून आलं आणि पाऊस मात्र पडेना. वर ढग आणि धुळीचा पडदा, खाली वारा ठप्प. सौर पत्र्यांची वीज तिसऱ्या हिश्श्यावर आली. तिसऱ्या दिवशी बॅटऱ्यांनी मान टाकली.

अशा हवेत साध्या तापमापकावर विसंबून चालत नाही. त्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जो आकडा येतो तो खरा, कारण माणसाचं घामेजलं अंग म्हणजे तसंच ओलं फडकं असतं. घाम वाळला तर अंग निवतं. हवेतच पाणी ठासून भरलेलं असेल तर तो वाळत नाही आणि आतली उष्णता आतच राहते. ओल्या फडक्याचा आकडा पस्तीसला गेला तर धडधाकट माणूसही काही तासांत जातो. म्हातारी माणसं त्याच्या बरीच आधी जातात. त्या दिवशी दुपारी आकडा बत्तीस होता. पंखा चालू असला तर तेवढ्यात निभावून जातं.

एक वाजून चाळीस मिनिटांनी नियंत्रण कक्षातली माझी सहकारी नाझिया मुकादम म्हणाली, “मॅडम, राज्याकडून कपात आली.”

मी काही बोलायच्या आत संगणकाने नियमाप्रमाणे काम केलं होतं. भिंतीवरच्या नकाशात फीडर पाच काळा पडला आणि आमचे पंप फिरत राहिले.

मी केळुसकरांना फोन लावला; यादी बदलायचा अधिकार अजून त्यांच्याकडेच होता. “सर, फीडर पाचवर सहा हजार माणसं नाहीत. वीस हजारांच्या वर आहेत. तिथली सगळी म्हातारी माणसं घरात आहेत. फीडर सात तोडा, तिथल्या टॉवरांना स्वतःची जनरेटरं आहेत.”

“फीडर सातवर ऐंशी हजार लोक आहेत, मॅडम. वीस हजारांचा काही कागद आहे?”

“नाही.”

“तुमचे बंधू तिथंच राहतात ना?” आवाजात टोमणा नव्हता, ते खरोखर विचारत होते. “मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण संकटात नियम बदलू नये हे तुम्हीच लिहिलंय. आज तुमच्यासाठी बदलला तर उद्या प्रत्येक नगरसेवकाचा फोन येईल.”

मी फोन ठेवला. नाझिया माझ्याकडे बघत होती. फीडर पाच हाताने जोडायची कळ माझ्याच टेबलावर होती; त्याच्या जागी दुसरा फीडर तोडणं मात्र माझ्या हातात नव्हतं. ती दाबली असती तर कोळीवाड्यात पंखे सुरू झाले असते आणि चाळीस मिनिटांनी पडदा मेला असता. धरणात शहराला अकरा दिवस पुरेल इतकं पाणी होतं आणि नवा पडदा चार महिन्यांनी येणार होता. हा हिशेब मला तोंडपाठ होता. मी कळ दाबली नाही.

मग दादाला फोन केला.

“दादा, रिक्षा कर आणि वहिनीला घेऊन माझ्या घरी ये. आत्ता. तुझी ती प्रेशरची गोळी अंगातलं पाणी काढते, तुला हा उकाडा झेपायचा नाही.”

“लाईट कवा येल?”

“संध्याकाळी. उद्या परत जाईल. उकाड्यात बसायला शाळेत केलेल्या थंड हॉलमध्ये काय चाललंय?”

“त्यो पन बंदच. येकाच लाईनीवर हाय ना. आनि तीनशे मानसांचा हॉल, तिकडं हजार घुसली. नळाला पानी नाय, चढवायचा पंप बंद. तूच केलंस का गो बंद?”

“हो,” मी म्हणाले.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. “बरं,” तो म्हणाला, “मी पावशांच्या बर्फखान्यात बोललोय. आत चाळीस मानसा उबी ऱ्हातात, थंडावा टिकून हाय. म्हातारी मानसा पाळीपाळीनं आत सोडतो. ह्ये टाकून मी तुज्याकडं येऊन बसू?”

त्या दिवशी वीज पाच तास नव्हती. दुसऱ्या दिवशी सहा तास. ओल्या फडक्याचा आकडा तेहतीसवर गेला. मी दोन्ही दिवस त्या कळीसमोर बसून होते. शहरात कोणालाच काही कळलं नव्हतं. बागेतली कारंजी चालू होती. दादा बर्फखान्याच्या दारात उभा राहून पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावत होता. भांडणं व्हायची, लोक त्याला ढकलायचे. वहिनीने त्याला दोनदा आत जायला सांगितलं, तर म्हणाला, माजा नंबर संध्याकाळी लाव. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला तो दारातच खाली बसला. लोकांनी आत नेलं तेव्हा त्याच्या अंगाला हात लावता येत नव्हता इतकं ते तापलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. चारच्या सुमाराला तो गेला.

मी तेव्हाही कळ दाबली नव्हती. पडदा जगला.

तीन दिवसांत कोळीवाड्यात एकशे एकोणीस माणसं गेली. सरकारी पत्रकात ‘उष्माघाताचे काही संशयित रुग्ण’ एवढंच आलं.

दादाला पोचवून आल्यावर मी वहिनीसमोर बसले. तिने मला शिव्या द्याव्यात म्हणून बसले होते; केळुसकरांनी कागद मागितला तेही सांगितलं. ती म्हणाली, “तुला कागद पायजे ना? चल, मोजू.”

आमच्यात नवरा गेलेली बाई बाराव्यापर्यंत घराबाहेर पाऊल टाकत नाही. हिरा वहिनी चौथ्या दिवशी बाहेर पडली. बायका दारादारांतून बघत राहिल्या, एक-दोघी पुटपुटल्या, तिने लक्ष दिलं नाही. सहा दिवस आम्ही घरोघर गेलो. ती उंबऱ्यात उभी राहून नावं विचारायची, मी लिहायची. कोणी नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव सांगितलं की ती म्हणायची, ह्ये नको लिवू. त्या सहा दिवसांत ती माझ्याशी दुसरं काहीच बोलली नाही. एकूण माणसं भरली बावीस हजार आठशे सत्तर.

ते कागद घेऊन मी केळुसकरांकडे गेले. त्यांनी ते नीट वाचले, दादाबद्दल दोन शब्द बोलले, मनापासून बोलले. “आता कागद आहे,” म्हणाले, आणि माझ्यासमोर यादी नव्याने काढायला लावली.

कोळीवाडा खाली घसरला. सगळ्यांत वर आला फीडर अकरा. मीटर तीन. माणसं तेरा. वीज साडेपाच मेगावॉट.

“बघा,” केळुसकर म्हणाले, “तेरा माणसं! त्यांना आपण गाडी पाठवून हॉटेलात ठेवू.”

फीडर अकरा मी पाहिलेला आहे. नव्या विमानतळाच्या कामावरची मजूर वसाहत, पहिली यादी काढली तेव्हा नसलेली. पत्र्याच्या लांबच लांब शेडी, एकावर एक फळ्या टाकून झोपायची सोय, ओडिशाची आणि बुंदेलखंडाची माणसं, काही जण बायकापोरांसह. तिन्ही मीटरं कंत्राटदाराच्या नावावर.

“सर, तिथे आठ-नऊ हजार माणसं आहेत.”

“कंत्राटदाराच्या हजेरीपटावर दोनशे दहा आहेत. ते धरले तरी हाच फीडर पहिला येतो. तुमच्याकडे कागद आहे?”

“मला चार दिवस द्या. मी मोजून आणते.”

“पाऊस लांबलाय. हवामान खात्याचा इशारा परवाचा आहे.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेही थकले होते. “मॅडम, आज या यादीवर सही झाली नाही तर जुनी यादी लागू राहते. तुम्हाला ठाऊक आहे.”

जुनी यादी म्हणजे फीडर पाच. मी पेन उचललं. आकडे संशयास्पद आहेत, प्रत्यक्ष मोजणी व्हावी, असा शेरा मारला. त्याखाली सही केली.

संध्याकाळी कोळीवाड्यात गेले. दुसऱ्या दिवशी दादाचं बारावं होतं, वहिनी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती.

“झाला काम?” तिने विचारलं.

“झालं.”

“मंग आता आपला नंबर नाय ना?”

“नाही.”

“कोनाचा हाय?”

मी सांगितलं. विमानतळाच्या कामावरची माणसं, पत्र्याच्या शेडी, आठ-नऊ हजार तरी असतील, कागदावर तेरा, आणि इशारा परवाचा. काही लपवलं नाही. तिचा हात सुपात तसाच राहिला. ती समोरच्या गल्लीत खेळणाऱ्या पुतण्यांच्या पोरांकडे बघत होती.

“बरं झाला गो बाय,” ती हळूच म्हणाली आणि लगेच तिने पदर तोंडात कोंबला.

मी तिला जवळ घेतलं नाही, समजूतही घातली नाही. सही करताना माझ्याही मनात अगदी हेच आलं होतं.